शितावरून माणसांची परीक्षा

मित्रहो,

कामाच्या जागी रोज कुठे ना कुठे बोललं जाणारं एक वाक्य घेतो. "अकाउंट्सवाले मुद्दामच बिलं अडवून ठेवतात." हे ऐकून कुणी दचकत नाही. यात शिवी नाही, कुणाचं नाव नाही, बोलणाऱ्याचा आवाजही चढलेला नाही. जिन्यात उभ्या उभ्या हे बोललं जातं, दोघं मान डोलावतात आणि तिसरा म्हणतो, "त्यांचं असंच असतं." आजचं बोलणं मुख्यतः या एका वाक्याभोवती फिरणार आहे. माणसामाणसांतला आदर कमी होतो तो बहुतेक वेळा अशाच साध्या वाक्यांनी. मोठी भांडणं निदान लक्षात तरी येतात, मिटवलीही जातात. असली वाक्यं मात्र कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत आणि वर्षानुवर्षं टिकतात.

मुळात झालं काय होतं? मंगळवारी दिलेलं एक बिल शुक्रवारी परत आलं, कारण त्यावर खरेदी आदेशाचा क्रमांक नव्हता. एवढंच. आता या घटनेचं ते वाक्य कसं झालं ते शब्दाशब्दाने बघू. बिल एका माणसाने परत पाठवलं होतं, पण 'वाले' म्हटल्याबरोबर त्या खोलीतली आठही माणसं त्यात आली, कालच रुजू झालेली मुलगीसुद्धा. 'मुद्दाम' या शब्दाने हेतू चिकटवला. तो हेतू कुणी पाहिलेला नाही, कुणी विचारलेलाही नाही. त्या 'मुद्दाम'ला लागलेल्या 'च'ने दुसऱ्या कुठल्याही शक्यतेचं दार लावून घेतलं. 'बिल'चं 'बिलं' झालं, म्हणजे एकाची अनेक झाली. 'परत पाठवलं' याच्या जागी 'अडवून' आलं आणि कृतीवर आपला अर्थ चढला. राहिलं 'ठेवतात'. मला हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'ठेवलं' म्हटलं असतं तर ती शुक्रवारची गोष्ट राहिली असती. 'ठेवतात' हा रीतीचा काळ आहे. सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी उताराकडे वाहतं, आणि अकाउंट्सवाले बिलं अडवून ठेवतात. तिन्ही वाक्यांचं व्याकरण एकच.

भाषेच्या या चढत्या पायऱ्या संशोधकांनी नीट मांडल्या आहेत. १९८८ साली गुन सेमिन आणि क्लाउस फीडलर या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या वागण्याचं वर्णन चार पायऱ्यांवर होतं असं दाखवलं. मराठीत उदाहरण द्यायचं तर पहिली पायरी: "त्याने फाइल परत पाठवली." दुसरी: "त्याने अडवणूक केली." तिसरी: "त्याला आमच्याबद्दल आकस आहे." चौथी: "तो आडमुठा आहे." पहिल्या वाक्याची शहानिशा करता येते, फाइल परत आली की नाही ते दिसतं. चौथ्या वाक्याची शहानिशा करायची कशी? उद्या त्याच माणसाने फाइल लगेच पास केली, तरी म्हणणारा म्हणणार, "आज काहीतरी स्वार्थ असेल." म्हणजे एक एक पायरी चढताना वाक्य घटनेपासून दूर जातं आणि खोडून काढायला अवघड होत जातं.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, आन्ने मास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या पालिओ नावाच्या घोड्यांच्या शर्यतींच्या काळात प्रतिस्पर्धी मोहल्ल्यांतल्या लोकांवर याच पायऱ्या तपासणारा प्रयोग केला. आपल्या बाजूचा माणूस वाईट वागला की लोक खालच्या पायरीवरची भाषा वापरतात, समोरच्या बाजूचा तसाच वागला की वरच्या. चांगल्या वागण्याच्या बाबतीत नेमकं उलट होतं. कामाच्या ठिकाणी हे कान देऊन ऐकलं तर सापडतंच. आपल्या गटातल्याने उशीर केला तर "तो आज अडकला होता." पलीकडच्या गटातल्याने केला तर "बेशिस्त आहेत." एकच अर्धा तास, पण एकीकडे क्रियापद आणि दुसरीकडे विशेषण.

आता कुणी म्हणेल, अनुभवावरून माणूस अंदाज बांधणारच की. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण काय उगाच आहे? म्हण खरीच आहे, पण ती भातापुरती खरी आहे. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. भांड्यातला तांदूळ एकाच पोत्यातला असतो, पाणी तेच, आच तीच, वेळ तेवढाच. शिवाय शीत आपण मुद्दाम निवडत नाही, हाताला लागेल ते उचलतो. म्हणून एक शीत पुरतं. माणसांच्या बाबतीत यातली एकही अट पाळली जात नाही. एका विभागातली दहा माणसं दहा घरांतून, दहा कामांवरून आलेली असतात. आणि आपल्या लक्षात राहिलेलं शीत हाताला सहज लागलेलं नसतं. ते दाताखाली खडा आला म्हणून लक्षात राहिलेलं असतं.

हा खडा मनात हिशेब कसा बिघडवतो, याचा एक फार बोलका प्रयोग आहे. १९७६ साली डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. प्रत्येक वाक्यात कुणीतरी काहीतरी केलेलं होतं, आणि तो माणूस 'अ' गटातला की 'ब' गटातला एवढंच लिहिलेलं होतं. 'अ' गटाची वाक्यं २६: १८ चांगल्या वागण्याची, ८ वाईट. 'ब' गटाची १३: ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण काढून बघा, दोन्हीकडे ९ला ४ असंच आहे. तरीही लोकांनी 'ब' गटाच्या माथी त्याच्या वाट्यापेक्षा जास्त वाईट गोष्टी मारल्या आणि त्याच्याबद्दलचं मतही खालचं दिलं. कारण 'ब' गट लहान, म्हणजे कमी दिसणारा. वाईट वागणंही एकूणात कमी. दोन दुर्मिळ गोष्टी एकत्र आल्या की त्या डोळ्यांत भरतात. पुढच्या प्रयोगात त्यांनी चांगलं वागणं दुर्मिळ ठेवलं, तेव्हा छोट्या गटाला जास्तीचं श्रेय मिळालं. या प्रयोगातले गट नुसती अक्षरं होती, त्यांच्याशी कुणाचं जुनं वैर असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून माझा आग्रह असतो की सरसकट बोलणाऱ्या माणसाला दुष्ट समजू नये. त्याच्या मोजणीत चूक झालेली असते, आणि मोजणी दुरुस्त करता येते.

ती करायची कशी? समजा, एका विभागाने महिनाभरात ४० बिलं दिली आणि ७ परत आली. ती ७ टेबलावर मांडा. समजा ५ वर खरेदी आदेशाचा क्रमांक नाही, एकावर सही नाही आणि एक खरंच विनाकारण तीन दिवस पडून राहिलं. गेलेली ३३ बिलं कुणाला आठवत नाहीत, कारण त्यांच्या बाबतीत काहीच घडलं नाही. न घडलेली गोष्ट आठवत नसते, म्हणून ती कागदावरच मोजावी लागते. चार आकडे हवेत: त्यांच्याकडची वेळेवर गेलेली, त्यांच्याकडची रखडलेली, आपल्याकडची वेळेवर गेलेली, आपल्याकडची रखडलेली. बहुतेक चर्चा यातल्या एकाच आकड्यावर चालते. चारही आकडे मांडल्यावर दोन गोष्टी कळतात. पाच बिलांचा दोष फॉर्ममध्ये आहे: क्रमांकाचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊच नये अशी सोय केली की ती तक्रार संपते. आणि एका बिलाची चौकशी एका माणसाकडे करायची आहे. 'मुद्दामच अडवून ठेवतात' असं म्हणत बसलो असतो तर यातलं एकही काम झालं नसतं. सरसकट विधानाचं मोठं नुकसान मी हेच मानतो. खरी, दुरुस्त होण्याजोगी तक्रार त्याखाली गाडली जाते.

दुसरं नुकसान समोरच्या माणसाचं. १९७४ साली कार्ल वर्ड, मार्क झॅना आणि जोएल कूपर यांनी नोकरीच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोरे मुलाखतकार कृष्णवर्णीय उमेदवारांपासून खुर्ची जास्त लांब ठेवत, बोलताना जास्त अडखळत आणि मुलाखत लवकर आटपत, असं त्यांना दिसलं. इथवर तर अंदाज करता येतो. त्यांनी पुढे जे केलं ते महत्त्वाचं. त्यांनी मुलाखतकारांना तसंच तुटक वागायला शिकवलं आणि समोर गोरे उमेदवार बसवले. त्या गोऱ्या उमेदवारांची मुलाखतही वाईट झाली. म्हणजे ज्याला आपण 'ह्यांना बोलताच येत नाही' म्हणतो, त्यातला काही भाग आपल्याच खुर्चीच्या अंतराने घडवलेला असतो. कामात याचं रूप साधं असतं. 'हल्लीची पोरं टिकत नाहीत' असं ठरवलेला वरिष्ठ नव्या मुलाला महत्त्वाचं काम देत नाही. आठ महिने किरकोळ काम केल्यावर तो मुलगा जातो, आणि वरिष्ठ म्हणतो, "बघा, म्हटलं नव्हतं?" 'जुन्या खोडांना नवीन जमत नाही' असं ठरवलं की प्रशिक्षणाच्या यादीत पन्नाशीच्या माणसाचं नावच येत नाही, आणि मग खरोखरच त्याला जमत नाही.

यातला एक प्रकार स्तुतीच्या वेषात येतो. "तुम्ही बाकीच्यांसारख्या नाही हं, तुमचं काम चोख असतं." बोलणाऱ्याला वाटतं आपण कौतुक केलं. ऐकणारीला कळतं की तिच्या सगळ्या सहकाऱ्यांबद्दल यांचं मत वाईट आहे आणि एक चूक झाली की आपलीही गणना त्यांच्यात होणार. कौतुक करायचं तर कामाचं करावं: "अहवालातला तिसरा तक्ता तुम्ही पुन्हा मोजलात, म्हणून चूक सापडली." त्यात दुसऱ्या कुणाला आणायची गरजच पडत नाही.

आता उपायांकडे वळतो, पण आधी न चालणारा उपाय सांगतो, कारण सगळीकडे पहिल्यांदा तोच होतो. मनाशी ठरवणं, किंवा परिपत्रक काढणं, की असा विचार करायचा नाही. नील मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली लोकांना एका स्किनहेड तरुणाचा, म्हणजे डोकं भादरलेल्या आणि लोक सहसा दांडगट समजतात अशा तरुणाचा, फोटो दाखवला आणि त्याच्या दिवसाबद्दल लिहायला सांगितलं. अर्ध्यांना बजावलं की ठरावीक कल्पना टाळा. त्यांनी टाळल्या. मग दुसऱ्या तशाच तरुणाचा फोटो दिला, या वेळी काहीही न बजावता. ज्यांनी आधी दाबून धरलं होतं, त्यांच्या दुसऱ्या लिखाणात त्याच कल्पना इतरांपेक्षा जास्त उतरल्या. दाबलेला विचार उसळून वर येतो. म्हणून निषिद्ध शब्दांची यादी भिंतीवर लावून फार काही साधत नाही. शिवाय लोक तक्रारच करेनासे होतात, आणि ते जास्त वाईट. विचाराच्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं, आणि ते म्हणजे तपशील.

इंग्रजीतल्या 'स्टिरिओटाइप' या शब्दाचा उगम इथे उपयोगी पडतो. तो मुळात छापखान्यातला शब्द. खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे सुटे ठसे, जुळवून पान तयार केलं की एक अक्षर चुकलं तर तेवढा खिळा उचलून बदलता येतो. पण त्या जुळवलेल्या पानाचा साचा घेऊन धातू ओतून अखंड पत्रा केला की एकही अक्षर हलत नाही. त्या पत्र्याला म्हणायचे स्टिरिओटाइप. १९२२ साली अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी हा शब्द मनातल्या साचेबंद चित्रांसाठी वापरला आणि तो रूढ झाला. आपल्याला करायचंय ते उलट काम: ओतीव पत्र्याकडून पुन्हा सुट्या खिळ्यांकडे यायचं.

बोलताना याची रीत अशी. तोंडात 'ते लोक', 'ही मंडळी', '-वाले' आलं की तिथेच थांबून तीन जागा भरायच्या: कोण, कधी, काय केलं. "मंगळवारी दिलेलं बिल शुक्रवारी परत आलं." मग त्याचा परिणाम: "त्यामुळे माल देणाऱ्याला आठवडाभर पैसे मिळाले नाहीत." मग विनंती: "क्रमांक नसेल तर त्याच दिवशी फोन कराल का?" हेतूची जागा मोकळी सोडायची. ती भरायचा मोह फार होतो. हेतू माहीत करून घ्यायचाच असेल तर विचारायचा. 'नेहमी', 'कधीच', 'एकूणच' आणि शब्दाच्या शेवटचा 'च' हे लिहून झाल्यावर शोधून काढायचे. ईमेलमध्ये हे सोपं असतं, पाठवण्यापूर्वी एकदा वाचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही. रागात लिहिलेला ईमेल मात्र लिहून ठेवावा आणि दोन तासांनी पुन्हा उघडावा. घाईत आणि थकव्यात माणूस तयार साच्याकडेच हात नेतो.

दुसरा कुणी असं बोलला तर? "असं बोलू नये" म्हणालात की तो आणखी दोन उदाहरणं देऊन आपलं म्हणणं पक्कं करतो. "पुरावा काय?" म्हटलं की तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. माझ्या मते सगळ्यात चांगला प्रश्न आहे, "नक्की काय झालं?" यात त्याची तक्रार ऐकली जाते, आणि उत्तर देताना तो आपसूक वरच्या पायरीवरून खाली उतरतो. त्यानंतर "असं किती वेळा झालं?" हे विचारता येतं. आणि एक पथ्य पाळाच: "तुम्ही नेहमीच असं सरसकट बोलता" हे वाक्य म्हणू नका. ते सरसकटच आहे.

ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो समोर बसलेला असेल तर मात्र खाजगीत बोलू म्हणून थांबू नये. आपण गप्प बसलो की त्याला वाटतं सगळ्यांचंच हे मत आहे. लगेच, एका वाक्यात, आवाज न चढवता: "हे एका बिलाबद्दल आहे, विभागाबद्दल नको." आणि पुढच्या विषयाकडे जायचं. लांबण लावली तर बोलणारा आणि ज्याच्याबद्दल बोललं तो, दोघंही संकोचतात. बोलणाऱ्याशी सविस्तर नंतर, एकट्यात. आपल्याच तोंडून गेलं असेल तर नेमका शब्द घेऊन मागे घ्यावा: "मी 'मुद्दाम' म्हणालो. ते मला माहीत नव्हतं, मी ते मागे घेतो." "कुणाला वाईट वाटलं असेल तर" या सुरुवातीने दोष वाईट वाटणाऱ्याकडे सरकतो.

जात, धर्म, लिंग, प्रांत, भाषा, अपंगत्व यांवरून असं बोललं जात असेल, आणि पुन्हा पुन्हा बोललं जात असेल, तर हा नुसता बोलण्याच्या रीतीचा प्रश्न राहत नाही. तिथे तारीख, शब्द आणि हजर असलेली माणसं लिहून ठेवून रीतसर तक्रार करावी. "नक्की काय झालं?" हा प्रश्न तिथे पुरा पडत नाही.

लेखी मूल्यमापनाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिथला शब्द बढतीपर्यंत पोचतो. एखाद्या बाईबद्दल "सहकार्याची वृत्ती कमी" असं लिहिलं की ती काय सुधारणार? त्याऐवजी: "मार्च ते जूनमधल्या चारपैकी दोन हस्तांतरणांत अपूर्ण कामांची यादी दिली नाही." हे तिला करता येतं. नियम असा ठेवा: प्रत्येक विशेषणामागे वेगवेगळ्या महिन्यांतल्या किमान दोन तारीखवार घटना. नसतील तर विशेषण खोडा. घटना त्या त्या आठवड्यातच टिपून ठेवा, नाहीतर वर्षाअखेरीस शेवटचे दोन महिनेच आठवतात. आणि फॉर्म बंद करण्यापूर्वी एक तपासणी: हेच वागणं दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हाच शब्द वापरला असता का? एकाला 'आग्रही' आणि दुसरीला 'हेकट' लिहिलंय का, ते दोन्ही फॉर्म शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. म्हणून ते शेजारी ठेवाच.

विभाग-विभागांतलं वाकडं असेल तर लोक स्नेहमेळावे घेतात. तिथे माणसं आपापल्याच गटात बसून जेवतात. दोन गट एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी व्हावेत यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच चार अटी सांगितल्या होत्या: दोन्ही बाजूंचा दर्जा समान, उद्दिष्ट एक, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वरिष्ठांचा स्पष्ट पाठिंबा. तेव्हा बिलाचा नवा फॉर्म दोन्ही विभागांतल्या दोघा-दोघांनी मिळून करावा आणि दोघांच्या सहीशिवाय तो लागू होऊ नये. एवढ्या एका कामाने स्नेहमेळाव्यापेक्षा जास्त फरक पडतो.

श्रोत्यांकडून आलेल्या दोन चिठ्ठ्या घेतो.

पहिली: "एखादा विभाग खरोखरच वाईट काम करत असेल तर?" तर आकडा सांगा, कालावधी सांगा आणि तुलना कशाशी केली ते सांगा. "या तिमाहीत ४० पैकी १५ बिलं सात दिवसांहून जास्त राहिली, मागच्या तिमाहीत ६." हे कठोर विधान आहे, ते बिनदिक्कत करावं. ते कामाबद्दल आहे, आणि पुढच्या तिमाहीत ते खोटं ठरवण्याची संधी त्या माणसांना आहे.

दुसरी: "आमचे साहेबच असं बोलतात. त्यांना कोण सांगणार?" अवघड आहे, आणि तत्त्व सांगून जमणार नाही. कामाची वाट धरावी. साहेब म्हणाले, "अकाउंट्सवाले मुद्दामच अडवतात," की वही उघडून विचारावं, "साहेब, त्यांच्याकडचं कोणतं बिल आधी सोडवून आणू?" मग साहेबांना एका बिलाचा क्रमांक सांगावा लागतो. तो लिहून घ्या आणि पलीकडच्या खोलीत जाऊन त्या एका बिलाबद्दल विचारा.